हरणाचा टॅग लागला. आता पावसाचं आणि उताराचं काय करू?

भिजरा । १४ जून

नमस्कार मंडळी. राहणार हिल्सबरो, ओरेगन. मूळ गाव जुन्नरकडचं. परवा सोडतीचा निकाल लागला आणि मला कोस्ट रेंजमधल्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेतल्या, एका युनिटचा (शिकारीसाठी आखलेल्या भागाचा) मादी हरणाचा टॅग लागला. (युनिट कुठलं ते विचारू नका. इथे माणूस एकवेळ पगार सांगेल, हरणाची जागा सांगणार नाही.)

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे शिकारीचा परवाना वेगळा आणि टॅग वेगळा. टॅग म्हणजे ठरावीक भागात, ठरावीक तारखांना, एकच जनावर मारायची मुभा. पश्चिम ओरेगनात नराचा साधा टॅग रहिवाशाला सरळ विकत मिळतो, पण माद्यांचे टॅग मोजके. १५ मेपर्यंत अर्ज, मी भरला तेव्हा ८ डॉलर फी. पहिल्या पसंतीचा टॅग लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी एक पॉइंट जमा होतो. ७५ टक्के टॅग जास्त पॉइंटवाल्यांना जातात, उरलेल्या २५ टक्क्यांच्या निव्वळ चिठ्ठ्या. मी तीन पॉइंट साठवून बसलो होतो.

गेली दोन वर्षं नराचा टॅग खिशात घालून हिंडलो. दोन सीझनमध्ये मिळून सात शेपट्या पाहिल्या, त्याही लांब जाताना. इथलं हरीण म्हणजे ब्लॅकटेल. अंगानं चितळापेक्षा फार मोठं नाही, पण लाजाळूपणात भेकरालाही मागे टाकेल. दाट झाडी, उभे उतार, आणि माझ्या तारखा नोव्हेंबरातल्या, म्हणजे भर पावसातल्या.

अडचण अशी की पुण्यात असताना भर आषाढात राजगड-तोरणा केलेले आहेत, त्यामुळे पावसाची भीती वाटत नाही. पण इथले लोक म्हणतात, हाच माज तुला नडेल. कुणी अशा रानात शिकार केली आहे का? किंवा नुसते हिंडले असाल तरी सांगा. बायकोची एकच अट आहे : फ्रीजरमधल्या ओल्या नारळाच्या कप्प्याला हात लावायचा नाही.

---

पन्हाळकर । १४ जून

पहिला! बाकी म्हाडाच्या सोडतीपेक्षा तुमची सोडत बरी दिसते. आमच्या साडूंनी अकरा वेळा अर्ज भरला, एक पॉइंट कुणी दिला नाही.

---

नंदिनी_क । १४ जून

वाचून वाईट वाटलं. पोटाची ददात नाही, दुकानात सगळं मिळतं, तरी रानात जाऊन एका मादीला मारायचं. नरसुद्धा नाही, मादी. ज्यांना हौस आहे त्यांनी कॅमेरा घेऊन जावं. माझं मत आहे, वाद घालायचा नाही.

---

उंडगा । १४ जून

"वाद घालायचा नाही" हे वाक्य आलं की धागा शंभरी गाठतो. सतरंजी टाकून बसलो आहे.

---

सोंडेकर । १५ जून

भिजरा, मी वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक पेनिन्सुलाच्या कडेला नऊ वर्षं काढली. तिथल्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस. आपल्या महाबळेश्वरात त्याहून कितीतरी जास्त पडतो, पण आकडे मिलिमीटरचे बघू नका, तापमानाचे बघा. आषाढात घाटमाथ्यावर भिजलात तरी हवा वीस-बावीस अंशांची असते. सुती टी-शर्ट अंगावर वाळतो, टपरीवर चहा मिळतो, झालं. तिकडे नोव्हेंबरात पाच अंश, चढताना आतून घाम, बाहेरून पाऊस, आणि मग दोन तास एका ओंडक्यावर गप्प बसायचं. सुती कपडा अंगात असेल तर तिसऱ्या तासाला हाताची बोटं जुळत नाहीत. बोटं जुळेनाशी झाली की बंदूक खाली आणि गाडीकडे, त्या दिवसापुरता विषय संपला. लोकर घ्या. आतला थर लोकरीचा, एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. आपले धनगर पावसात घोंगडी का घेतात ते मला तिथे कळलं. भिजली तरी ऊब सोडत नाही.

आता उतार. तुम्हाला सह्याद्रीची सवय आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो. आपल्याकडे सोंडेवरून चढायचं, नाळेतून उतरायचं, पायाखाली कातळ किंवा घसारा. कोस्ट रेंजमध्ये कातळ दिसतच नाही. सगळं मऊ. कमरेएवढे नेचे, त्याखाली कुजलेले ओंडके, त्यावर शेवाळ. तुम्हाला वाटतं जमिनीवर पाय ठेवला, तो ओंडक्यावर असतो आणि खाली चार फूट पोकळी. लाकूडतोडे खिळे ठोकलेले बूट घालतात ते उगाच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बंदूक खांद्याला लावायच्या आधी स्वतःला विचारा : ही तिथे पडली तर मी तिला वर आणू शकतो का? उत्तर "बघू" असेल तर चाप ओढायचा नाही. ब्लॅकटेल मादी चाळीस-साठ किलोची. गोळी लागल्यावर जनावर सहसा वर पळत नाही, खालीच जातं. मी एकदा एका घळीच्या पलीकडे नर पाडला आणि तो बाहेर काढायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मांसाला काही झालं नाही, थंडी होती. मला झालं. गुडघा अजून बोलतो.

---

झाडीपट्टी । १५ जून

नंदिनीताई, राग मानू नका. मी गोंदियाकडचा. आमच्या धानात रात्री रानडुकरं शिरली की सकाळी बांधावर उभं राहून रडायची पाळी येते. चण्यात रोही (नीलगाय) शिरला तर तीच गत. परवानगीनं मारायची सोय कायद्यात आहे, पण अर्ज, पंचनामा, परवानगी, तोवर पीक गेलेलं. नुकसानभरपाईचे पैसे आले तर पुढच्या हंगामात येतात. तिथे तर सरकार आधीच मोजून ठरवतं की या भागात इतक्या माद्या काढायच्या, आणि लोक त्यासाठी पैसे भरून रांगेत उभे राहतात. मला तर हेवा वाटला.

---

नंदिनी_क । १५ जून

झाडीपट्टी, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला पटतो. भिजरा यांचं धान कुणी खाल्लेलं नाही.

---

भिजरा । १५ जून

नंदिनीताई, धान नाही, पण दारातली गुलाबं दर वर्षी खातात. हलके घ्या.

मादी का, याचं सरळ उत्तर : कळप वाढवायचा की आवरायचा हे माद्यांच्या संख्येवर ठरतं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून नराचे टॅग सढळ आणि मादीचे मोजूनमापून. आणि मी दर शनिवारी मटण आणतोच. तो बोकड कुणी मारला, कसा मारला हे मी कधी विचारलेलं नाही. एकदा तरी ते स्वतःच्या हातानं व्हावं असं वाटतं. ते जमेल की नाही, हे मलाही माहीत नाही.

---

खडूस काका । १६ जून

इथे कुणीतरी "शिकाऱ्यांच्या पैशावरच अमेरिकेतलं वन्यजीवन जगतं" असं लिहिणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा (रायफलींवर ११ टक्के, पिस्तुलांवर १०) पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, हे खरं. पण तो कर पिस्तूल घेऊन उशाशी ठेवणारा माणूसही भरतो, ज्यानं आयुष्यात हरीण पाहिलेलं नाही. तेव्हा सगळं पुण्य शिकाऱ्यांच्या खात्यावर मांडू नये.

दुसरं, परवाने आणि वाटून दिलेली रानं हे काही अमेरिकेनं शोधलेलं नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत आपल्याकडेही शूटिंग ब्लॉक होते, वनखात्याकडून परमिट मिळायचं. ते मिळायचं कुणाला, तर साहेबाला, संस्थानिकाला आणि त्यांच्या पाहुण्याला. पिढ्यान् पिढ्या फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्याला मात्र इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. चिठ्ठी टाकून टॅग देणं मला त्या मानानं सरळ वाटतं. चिठ्ठीला आडनाव कळत नाही.

---

उंडगा । १६ जून

काका, +१. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या प्रतिसादाला +१ देतोय, तारीख लिहून ठेवतो.

---

नवखा_पोर्टलंड । १८ जून

भोचक प्रश्न : एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक घेता येते? मला वाटत होतं पूर्ण बंदी आहे.

---

भिजरा । १८ जून

बंदी आहे, पण फेडरल कायद्यात अपवाद आहे : वैध शिकारीचा परवाना असेल तर चालतं. दुकानदार तो परवाना बघतो, फॉर्म भरून घेतो. मी ग्रीन कार्डावर आहे म्हणून तो प्रश्न आला नाही. तुम्ही मात्र धाग्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा. व्हिसा गेला तर हरीण परत आणून देणार नाही. धनुष्यबाण हा दुसरा मार्ग आहेच.

---

मृग_नक्षत्र । १८ जून

माझं नाव वाचून कुणी टॅग लावू नये ही विनंती.

---

किवीकर । २१ जून

न्यूझीलंडहून. आमच्याकडे उलटी गंगा. इथे हरीण मुळात नव्हतंच, गोऱ्यांनी आणून सोडलं. सरकारी रानात हरीण मारायला फुकट परमिट ऑनलाइन मिळतं, संख्येची मर्यादा नाही, उलट मारलेलं बरं असं खातं म्हणतं. फियोर्डलंडातल्या वापिटीसाठी (ही मोठी अमेरिकन हरणं) मात्र सोडत निघते, तीही त्यांच्या माजाच्या मोसमात. ते वापिटी १९०५मध्ये थिओडोर रूझवेल्टनं भेट म्हणून पाठवले होते. मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस. मी तिथे शिकारीला नाही, पदभ्रमणाला गेलो होतो. सोंडेकर म्हणतात ते शंभर टक्के खरं, पाऊस मारत नाही, पाऊस आणि बसून राहणं हे दोन्ही मिळून मारतं.

---

वनकन्या । २३ जून

मी वनस्पतीशास्त्रवाली, म्हणून थोडं झाडांचं. भिजरा, हरीण शोधू नका, पाला शोधा. १९३३ साली कोस्ट रेंजमधल्याच टिलामूकच्या रानात प्रचंड वणवा लागला, मग १९३९, १९४५, १९५१ असा दर सहा वर्षांनी पुन्हा. मोठं जंगल गेलं, उजेड जमिनीपर्यंत आला, झुडपं माजली, आणि हरणांची चंगळ झाली. नंतर कोट्यवधी रोपं लावली, त्यात शाळकरी मुलांनीही लावली. ती डग्लस फरची सूचिपर्णी झाडं वाढून वर छत मिटलं की खाली अंधार, पाला नाही, हरीणही कमी. म्हणून आज हरीण दिसतं ते लाकूडतोड झालेल्या मोकळ्या पट्ट्यांत, तोड होऊन पाच-दहा वर्षं झालेल्या. त्याहून जुना पट्टा असेल तर आत शिरता येत नाही आणि दिसतही नाही. पट्ट्याची आणि जुन्या झाडीची जी शिवण असते, तिथे बसा.

अवांतर : तुमच्या पँटची जी चाळण होणार आहे ती हिमालयन ब्लॅकबेरीनं. तिचा हिमालयाशी काही संबंध नाही. १८८५मध्ये ल्यूथर बरबँक या कॅलिफोर्नियातल्या रोपवाल्यानं ती विकायला काढली. बी भारतातून आलं असं समजून त्यानं नाव दिलं. मूळ ती आर्मेनिया-इराणकडची. बदनामी आपली.

---

डोणजेकर । २३ जून

वनकन्या, शिवण हा शब्द आवडला. आमच्या पणजोबांच्या वेळी कोकणात पारधीला जायचे तेव्हा म्हणे ज्याची गोळी लागली त्याला मांडी, हाका घालणाऱ्यांना सारखे वाटे, आणि कुत्र्याचाही वाटा असायचा. घरातल्या बायकांच्या वाट्याला मसाला वाटणं. आजीनं हे सांगताना नेहमी शेवटचं वाक्य जोरात म्हटलं.

---

सोंडेकर । १२ ऑक्टोबर

धागा वर काढतोय, तारखा जवळ आल्या असतील. राहिलेल्या चार गोष्टी. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाणी आत जात नाही. बंदूक रात्री उबदार खोलीत आणून सकाळी परत थंडीत नेली की तिच्यावरच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते, म्हणून बंदूक थंड जागीच कुलपात ठेवा. गोळी झाडल्यावर जागेवरून हलू नका. आधी तुम्ही उभे आहात तिथे रंगीत फीत बांधा, मग मादी उभी होती ते झाड डोळ्यांत पक्कं करा. पावसात रक्ताचा माग दहा-पंधरा मिनिटांत धुऊन जातो, मग ती फीत हाच एक आधार. आणि दिवस लहान. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कायद्यानं चालतं, पण मी म्हणेन तीननंतर गाडीपासून लांब असाल तर गोळी नकोच.

---

भिजरा । २४ नोव्हेंबर

मंडळी, वृत्तांत. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिला दिवस. पहाटे साडेपाचला फाटकापाशी. आत गाडीला बंदी, पायी दोन मैल. वनकन्यांची शिवण शोधून बसलो. सव्वाआठला पाऊस पाच मिनिटं थांबला आणि समोरच्या घळीच्या पलीकडे मादी उभी. कधी आली, कुठून आली, काही कळलं नाही. आधी खुंट होता, मग त्या खुंटाला कान होते. अंतर मोजलं, १४० यार्ड. बंदूक टेकवली, श्वास सोडला. आणि सोंडेकर, तुमचं ते वाक्य आठवलं. तिच्या खाली बघितलं तर घळ उभी, तळाशी ओढा, मध्ये आडवी पडलेली झाडं काड्यापेटीसारखी. "बघू" असंच उत्तर आलं. ती दहा मिनिटं पाला खात होती, मी दहा मिनिटं तिला शिव्या देत होतो. मग ती गेली.

दुसरा दिवस धुक्याचा. माझेच बूट मला नीट दिसत नव्हते. दुपारी ओंडक्यावरून घसरून बगलेपर्यंत आत गेलो. दोन्ही पाय पोकळीत लोंबकळत आणि हनुवटी शेवाळावर, अशा अवस्थेत "भर आषाढात राजगड" हे शब्द आठवले. तासाभरानं बोटं जुळेनात. गाडीकडे परत.

तिसऱ्या दिवशी शेजारी बरोबर आले. सत्तरीचे, आयुष्य लाकूडतोडीत गेलेलं. त्यांनी मला लांब जाऊच दिलं नाही. जुन्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, पायवाटेपासून दोनशे मीटरवर बसवलं. म्हणाले, आता ती जरी खाली पळाली तरी रस्त्याकडेच येईल. एवढं साधं गणित मला दोन दिवस सुचलं नव्हतं.

सव्वादोनला दोन माद्या आल्या. मोठी पुढे होती. ८० यार्ड. गोळीचा आवाज मला ऐकू आल्याचं आठवत नाही, नेच्यांवरून पाणी उडालेलं आठवतं. फीत बांधली, हात इतके थरथरत होते की गाठ तिसऱ्यांदा बसली. ती उभी होती तिथे पोहोचलो तर काहीच नाही. रक्त नाही, केस नाहीत. पाऊस चालूच. फितीकडे मागे बघून पुन्हा रेघ धरली आणि वीस मिनिटांनी ती सापडली, साठ पावलं खाली, नेच्यांत कुशीवर. अंगातून वाफ निघत होती. पावसाचे थेंब तिच्या अंगावर पडून केसांवर मण्यांसारखे थांबत होते, आत शिरत नव्हते. इतकी वाफ, की चष्मा धुरकट झाला. तो पुसायला मी जरा जास्तच वेळ घेतला, शेजारी काही बोलले नाहीत.

मग फजिती. माझा टॅग फोनमधला. जनावर हलवायच्या आधी ॲपमध्ये नोंद करायची, मग तपशील फितीवर लिहून अंगाला बांधायचा. ओल्या बोटांना फोन दाद देईना. पुसायला अंगावर कोरडं काही नाही. शेवटी सगळे थर वर करून पोटाशी घासला. पाच अंशांत, पावसात, पोट उघडं टाकून मी सरकारी नोंद केली.

कातडं सोलून, मांड्या, खांदे, पाठीचं मांस वेगळं करून पिशव्यांत भरलं. दोघांच्या दोन फेऱ्या, रस्त्यापर्यंत दोनशे मीटर. अडीच तास. घरी न्हाणीघरातल्या काट्यावर हाडाशिवायचं मांस भरलं १९ किलो.

---

सोंडेकर । २४ नोव्हेंबर

पहिल्या दिवशी बंदूक खाली ठेवलीत, तिथेच तुमची शिकार झाली होती. बाकी शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी नऊ वर्षं वरून खाली बघत बसलो, रस्त्याच्या वर बसायचं मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

---

पन्हाळकर । २५ नोव्हेंबर

मुद्द्यावर या. रस्सा कसा झाला?

---

भिजरा । २५ नोव्हेंबर

पहिल्यांदा वाट लागली. मटणासारखं कुकरला लावलं, पाठीचं मांस. कातडी चप्पल. या मांसाला चरबी नाही, आणि जी आहे ती मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाकावी लागते. दुसऱ्यांदा पाठीचे तुकडे आलं-लसणात तासभर ठेवून तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, बास. नळ्या मात्र कुकरमध्ये, काळं वाटण घालून. मुलगी तीन वाट्या प्यायली, मग विचारलं कसलं आहे. सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली आणि चौथी वाटी मागितली.

नारळाचा कप्पा अबाधित आहे. शेजाऱ्यांना एक मांडी गेली. डोणजेकर, कुत्रा नाही, नाहीतर त्याचाही वाटा काढला असता.

---

नंदिनी_क । २५ नोव्हेंबर

मत बदललेलं नाही. पण जनावराचा फोटो टाकला नाहीत, त्याबद्दल आभार. आणि पहिल्या दिवसाचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

खडूस काका । २६ नोव्हेंबर

३१ जानेवारीच्या आत खात्याला अहवाल द्या, मारलं असो वा नसो. नाहीतर पुढच्या परवान्याला २५ डॉलरचा दंड लागतो. आणि तुमचे पॉइंट आता शून्य, हे आठवण म्हणून.

---

नवखा_पोर्टलंड । २६ नोव्हेंबर

दादा, अप्रतिम. मी पण मेमध्ये अर्ज भरतोय. फक्त तेवढं युनिट कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का?

---

भिजरा । २६ नोव्हेंबर

पगार सांगतो. चालेल?